आक्काच्या खोलीचे दोन प्रयोग

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात मी पंचवीस वर्षं नाटकं केली, पण रंगमंचावर उभा राहिलो एकदाच. हवालदाराचं काम होतं, वाक्य एक. मी त्याची अकरा केली. शेवटी आरोपी कंटाळून स्वतःहून विंगेत निघून गेला. दुसऱ्या वर्षी मंडळाने मला मोठ्या आदराने नेपथ्याकडे वळवलं, आणि तेव्हापासून मी जेलचा महाल, महालाची झोपडी आणि झोपडीचं पुन्हा जेल करत आलो. दोन अंकांमधल्या दहा मिनिटांत जग बदलून दाखवण्यात माझा हात धरणारा गिरणगावात कोणी नाही, हे मीच सांगतो. दुसरं कोणी सांगत नाही म्हणून.

या कलेचा खरा कस लागला तो कोरोना ओसरल्यावर. माझ्या मोठ्या बहिणीच्या खोलीला एकाच दिवशी, दोन सरकारी प्रेक्षकांसमोर, दोन वेगळ्या भूमिका कराव्या लागल्या.

खोली लालबागची. चाळीचा दुसरा मजला, दहा बाय बारा, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. मी त्याच मजल्यावर दोन दारं सोडून राहतो. या खोलीत आमच्या आईने गिरणी कामगारांसाठी खानावळ काढली. गिरण्या गेल्या, आई गेली, खानावळ राहिली. आक्काने लग्न केलं नाही. "चाळीस माणसं रोज जेवायला येतात, आणखी एक कशाला?" असं ती म्हणायची. कामगारांच्या जागी मग परळच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस आल्या, टॉवरचे वॉचमन आले, परीक्षेचा अभ्यास करणारी गावाकडची मुलं आली. दिवसभर तिथे लाकडी बाकं मांडलेली असायची. जेवणं उरकली की बाकं भिंतीला टेकायची, भिंतीला टेकलेली खाट खाली यायची आणि आक्का तिच्यावर आडवी व्हायची. खाट उभी असली की धंदा, आडवी पडली की घर. साठ वर्षांत यात कोणाला काही चमत्कारिक वाटलं नव्हतं.

खानावळीचा कायदा एकच, खाड्याचा. ज्या दिवशी मेंबर जेवायला येणार नाही तो खाडा, आणि तो आदल्या दिवशी सांगायचा. न सांगता दांडी मारली तर जेवण हिशेबात मांडलं जातं, कारण तुमच्या नावाचा भात शिजलेला असतो. म्हणून प्रत्येकाचं ताट उचलताना आक्का विचारायची, "उद्या खाडो नाय मा?" आम्ही मूळचे मालवणकडचे. बाहेर ती बरं शुद्ध बोलते, पण हे वाक्य कायम आईच्या बोलीत. आणि ते तिच्या तोंडून विचार करून निघत नाही, ताटाला हात लागला की निघतं. माझ्या लग्नाच्या पंगतीत तिने व्याह्यांनाही हेच विचारलं होतं. ते बिचारे मुहूर्त पुढे गेला की काय म्हणून घाबरले होते.

लॉकडाऊनमध्ये खानावळ बंद पडली. वॉचमन गावी गेले, मुलं परतली, नर्सेसना हॉस्पिटलातच ठेवून घेतलं. आक्काने पहिले काही महिने मजल्यावरच्या आजारी घरांना दोन वेळचं रांधून दारात ठेवलं आणि त्यातच साठवलेलं सगळं संपलं. गॅसची मोठी शेगडी विकली, दोन मोठे टोपही गेले. सगळं उघडलं तेव्हा तिच्याकडे चार मेंबर उरले होते आणि त्यातल्या एकाला पथ्य होतं.

मग सरकारने मदत जाहीर केली. मदतीची पहिली खूण म्हणजे बॅनर. नाक्यावर एवढा थोरला बॅनर लागला, त्यावर हात जोडलेले एक साहेब आणि त्यांच्याभोवती पासपोर्ट फोटोएवढे वीस कार्यकर्ते. दुसरी खूण म्हणजे झेरॉक्सवाल्यापुढची रांग. कोरोनानंतर आमच्या भागात सगळ्यांत आधी पायावर उभा राहिला तो झेरॉक्सवाला. त्याने कुठल्याच योजनेत अर्ज केला नाही. गरज काय? सगळ्या योजना त्याच्यासाठीच तर होत्या.

आक्कासाठी दोन मदती होत्या. पहिली, बंद पडलेला छोटा धंदा पुन्हा उभा करायला कमी व्याजाचं कर्ज. अट अशी की अर्जातल्या जागेवर धंदा चालू असला पाहिजे. म्हणजे बंद पडल्याची मदत हवी तर चालू असल्याचं दाखवा. दुसरी मदत घराची. कोरोनात रखडलेल्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासाला गती द्यायचं ठरलं होतं आणि नव्या इमारतीत कोण पात्र, याची खोलीगणिक पाहणी सुरू झाली होती. इथली अट उलटी. खोली निव्वळ राहण्याची हवी. धंदा दिसला की 'अनिवासी', आणि अनिवासी म्हटलं की आईच्या काळातला दुकानाचा परवाना आणा. आईच्या काळात आईकडे परवाना नव्हता, उलथनं होतं.

म्हणजे कर्ज मिळवायचं तर घर जातं आणि घर राखायचं तर कर्ज जातं. आणि नीट खरं बोललं तर दोन्ही जातं.

"दोन्ही गेलं तर मी गावी जाते," आक्का म्हणाली. ती सात वर्षांची असताना गाव सोडून आली होती. गावच्या घरात आता चुलतभाऊ, त्याच्या दोन सुना आणि एक चिडकी म्हैस होती. आक्का तिथे कोणाच्या चुलीपाशी बसून दुसऱ्याच्या हातचं जेवतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझी थट्टा तेवढ्यापुरती बंद पडली.

दोन्ही खात्यांची पत्रं एकाच आठवड्यात आली. या खात्यांना एकमेकांचा पत्ता नसतो म्हणतात. आमचा मात्र दोघांनाही होता, आणि दोघांनी तपासणीला एकच दिवस निवडला. कर्जाचे साहेब सकाळी अकराला, घराच्या मॅडम दुपारी चारला.

"पाच तास!" मी टाळी वाजवली. "अगं, मी दहा मिनिटांत अख्खा दरबार हलवलाय!"

"आणि त्या वर्षी सिंहासन राजाच्या पायावर पडलं होतं," माझी बायको म्हणाली.

तयारी मी आठ दिवस केली. नाटकाच्या सामानात एक प्लायवूडचा तुकडा होता, त्याच्यावर मी पूर्वी कधीतरी तुळशीवृंदावन रंगवलं होतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर 'घरगुती भोजनालय' असं झकास लिहिलं. सुलट टांगला की धंदा, उलटा केला की घर. एव्हाना नाक्यावरचा बॅनर उतरला होता, तो आम्ही बाकांवर अंथरायला आणला. चांगला जाड होता. सगळ्या मदतीपैकी हाताला लागलेली ती पहिली वस्तू.

चार मेंबर कमी दिसले असते, म्हणून मजल्यावरचे अकरा शेजारी मेंबर म्हणून बसवायचे ठरले. त्यांचा म्होरक्या होता समोरच्या खोलीतला निवृत्त पोस्टमन. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी लगेच विचारलं, "माझ्या पात्राचं नाव काय? मी कुठून आलोय?"

"काका, तुम्ही समोरच्या खोलीतून आलाय. जेवायचं आणि गप्प बसायचं."

"आतून काहीतरी वाटायला पाहिजे ना रे."

"भूक वाटू द्या."

आक्काला मी मूकभूमिका दिली. तिला खोटं बोलता येत नाही. ती म्हणालीही, "मी रांधीन. बोलायचं ते तुम्ही बोला."

दिवस उजाडला. अकराला अकरा शेजारी केस विंचरून बाकांवर बसले. साडेअकरा झाले, बारा झाले. साहेबांचा पत्ता नाही. बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा, वास साऱ्या मजल्यावर पसरला आणि माझ्या नटमंडळींना आतून खरोखरच काहीतरी वाटायला लागलं. साहेब उगवले ते साडेबाराला. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ॲप आणि ॲपमध्ये मान.

"चालू आहे ना व्यवसाय?"

"ओ मावशी, भात आणा!" काका गरजले. ते आक्कापेक्षा नऊ वर्षांनी मोठे आहेत. "इथल्यासारखी सोलकढी अख्ख्या मुंबईत नाही हो साहेब! मी वीस वर्षं इथेच जेवतो!"

समोरच्या दारात काकू उभ्या होत्या. वीस वर्षं आपण काय करत होतो, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

साहेबांनी फोटो काढायला घेतले. ॲपला खोलीचे चार कोपरे हवे होते आणि चौथ्या कोपऱ्यात खाट होती. तिच्यावर मी चादर टाकली होती. पंख्याच्या वाऱ्याने ती नेमकी तेव्हाच घसरली.

"ही खाट कसली?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाक्य सुचेना. मागून बायको शांतपणे म्हणाली, "जेवण जड होतं साहेब. मेंबरांना घटकाभर पडायला."

साहेबांनी ॲपमध्ये काहीतरी टिपलं. मी मान लांब करून वाचलं. 'ग्राहकांसाठी विश्रांतीची सोय.'

आक्काने त्यांच्यासाठी ताट वाढलं होतं. जेवणाच्या वेळी उंबऱ्यात आलेला माणूस तसाच परत गेला तर आमच्याकडे अख्खं घर चुटपुटतं. साहेब ताटाकडे न बघता म्हणाले, "नको, आम्हाला परवानगी नसते," आणि जिना उतरले.  आक्काने ते ताट झाकलं. माझ्या मते साहेबांचा निकाल तिने तेव्हाच लावून टाकला.

सव्वा वाजले होते. चार वाजायला भरपूर वेळ होता, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण खरोखरच रंगवलं. काकांनी तिसऱ्यांदा भात घेतला. पावणेदोनला गॅलरीच्या टोकाकडून हाळी आली, "ओ, घरवाल्या मॅडम आल्या! खालच्या मजल्यावर आहेत!"

पुढची सहा मिनिटं माझ्या कारकिर्दीतली सर्वोत्तम. बाकं पोटमाळ्यावर. ताटं बायकोच्या पदराखालून ज्याच्या त्याच्या खोलीत. पाटी उलटी, तुळशीवृंदावन सुलट. खाट खाली, त्यावर गोधडी, गोधडीवर शिवणाचं मशीन. मशीन तिथे का ठेवलं ते मला आजही सांगता येणार नाही. दोरीवर काकांचा लेंगा, घरपण यायला. फक्त तिखल्याचा मोठा टोप राहिला. तो इतका तापला होता की कोणी हात लावेना. मी तो फडक्याने खाटेखाली ढकलला आणि वर बॅनर टाकला. अकरा मेंबर खरकट्या हातांनी गॅलरीत पळाले आणि तिथे शेजारी होऊन उभे राहिले. म्हणजे जे होते तेच झाले, पण इतकं वाईट काम त्यांनी आधी केलं नव्हतं.

मॅडम पन्नाशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. सकाळपासून त्यांनी तीन मजली चाळी पालथ्या घातल्या होत्या. त्यांनी आधी तुळशीवृंदावनाकडे पाहिलं, मग खाटेवरच्या मशीनकडे.

"कोण राहतं इथे?"

"माझी बहीण," मी म्हणालो. "एकटी. सुगृहिणी."

"वास छान येतोय."

"घरचंच साधं."

त्या वाकल्या. खाटेखालून हात जोडलेले साहेब त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळातून वाफ निघत होती. मॅडमनी बॅनर उचलला.

"एकट्या बाईला एवढा टोप?"

"पाहुणे आलेत."

"कोण?"

गॅलरीतले अकरा हात एकदम वर झाले. सगळे पिवळे.

मॅडम काही म्हणणार, तेवढ्यात आक्का मधे आली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मॅडमच्या चपलांकडे बघत होती. एकीचा अंगठा तुटला होता, पिनेने अडकवलेला.

"जेवलात?" तिने विचारलं.

"डबा आहे माझा. वेळ झाला की..."

"दोन वाजलेत. अजून कसला वेळ व्हायचाय? बसा."

असं 'बसा' म्हटल्यावर नर्सेस बसत, वॉचमन बसत, मॅडमही बसल्या. साहेबांसाठी वाढून झाकलेलं ताट आक्काने त्यांच्यापुढे ठेवलं. मॅडमनी पहिला घास नाइलाजाने घेतला, दुसरा विचार करून, आणि तिसऱ्याला सोलकढीची वाटी जवळ ओढली. जेवता जेवता डाव्या हाताने त्यांनी फॉर्म उघडला, पेनाचं टोपण दाताने काढलं आणि 'निवासी'समोरच्या चौकटीवर पेन टेकवलं. मी बायकोचा हात दाबला. पडदा पडायला आला होता, टाळ्या मला ऐकू येत होत्या.

आक्काने ताट उचललं.

"उद्या खाडो नाय मा?"

पेन थांबलं. गॅलरीतून काकांचा आवाज आला, "गेलं!"

मी पुढे झालो. "म्हणजे तसं नाही मॅडम, आमच्याकडे म्हणायची पद्धत..."

"मी पण चार वर्षं खानावळीत जेवलेय," मॅडम म्हणाल्या. "नोकरीला लागले तेव्हा. खाडा म्हणजे काय ते मला सांगू नका." मग आक्काकडे वळून, "किती वर्षं चालवताय?"

आक्काच्या हातात ते ताट तसंच होतं. मूकभूमिका तिने केव्हाच सोडली होती.

"आई होती तेव्हापासून. हा उगाच नाचतोय मघापासून, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. खानावळ आहे. आणि माझं घरपण आहे. दिवसा इथेच रांधते, रात्री याच खाटेवर निजते. तुमच्या कागदार दोन खोल्ये असतले, बाई. माझ्याकडे ही एकच आसा."

"फॉर्मवर एकाच ठिकाणी टिक करता येते," मॅडम म्हणाल्या. यात रागही नव्हता आणि दयाही नव्हती, नुसती माहिती होती.

"मग तुम्हाला काय दिसलं ते लिहा."

मॅडमनी गोधडीला हात लावून पाहिला. उशी उचलली. उशीखाली आक्काचा चष्मा, बामची डबी आणि आईचा एक फोटो होता. ती काही माझी मांडणी नव्हती. माझं लक्षच गेलं नव्हतं तिथे. मॅडमनी उशी होती तशी ठेवली, 'निवासी'समोर टिक केली आणि पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून त्या म्हणाल्या, "उद्या खाडा. उद्या मी भायखळ्याला आहे." आणि माझ्याकडे बघून, "ते मशीन खाली घ्या. खाट मोडेल."

आम्ही जिंकलो असं मला तीन आठवडे वाटत होतं. मग कर्जाच्या खात्याचा मेसेज आला. अर्ज नामंजूर. कारण, सदर जागा निवासी असल्याचे संबंधित खात्याच्या नोंदीवरून दिसून येते. दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत, असं यापुढे कोणी माझ्यासमोर म्हणू नये. बोलतात. जन्मात एकदा बोलतात, आणि तेव्हा विषय आमची आक्का असतो.

मी सुतकात असल्यासारखा तिच्या खोलीवर गेलो, तर आत बाकं मांडलेली. बाकांवर काका, काकू, मजल्यावरचे आणखी दहाजण.

विजयाच्या कैफात मला हे दिसलंच नव्हतं. झालं होतं असं. त्या दिवशी धावपळीत जे अकरा जण उष्ट्या हातांनी गॅलरीत उभे होते, त्यांची ताटं आक्काने संध्याकाळी घरोघर जाऊन गोळा केली होती. ताटाला हात लागला. प्रत्येक दारात तिने विचारलं, "उद्या खाडो नाय मा?" आणि तीन वेळा भात घेतलेल्या माणसाला, लॉकडाऊनमध्ये जिच्या हातचं महिनाभर खाल्लं तिच्या तोंडावर, "मी मेंबर नाही, मी नट आहे" असं म्हणायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाचा भात शिजला. शिजला म्हटल्यावर ते आले. पहिल्या तारखेला खानावळीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी महिन्याचे आगाऊ दिले आणि आक्काने त्यातून जुन्या बाजारातून मोठी शेगडी आणली. काकूंनी दुपारची चूल बंद केली. काकांनी तेवढी घासाघीस करून पाहिली.

"मी काम केलंय तुझ्या नाटकात. मला काही सवलत?"

"केलंत ना. तीन वेळा भात घेतलात. ती सवलतच," आक्का म्हणाली.

इतकं झाल्यावर माझ्या बायकोनेही आमची दोघांची नावं दिली. बहिणीच्या घरी मी आता आगाऊ पैसे भरून जेवतो. नव्या इमारतीत आक्काला घर मिळणार आहे. पात्र यादीत नाव आहे, यादी नोटीस बोर्डावर आहे, नोटीस बोर्ड चाळीच्या भिंतीवर आहे आणि चाळ अजून आहे तिथेच आहे. नव्या घरात खानावळ चालवता येईल का, हे विचारायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

परवा आक्का वाढत असताना फोन वाजला. मी स्पीकरवर लावला. रेकॉर्ड केलेली गोड बाई बोलत होती. आपण आमच्या पुनर्उभारणी योजनेचा लाभ घेतल्याबद्दल आम्ही आभारी आहोत, समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा.

"काय दाबू?" मी विचारलं.

आक्का काकांचं ताट उचलत होती.

"कोण ती?"

"कर्जवाल्यांची."

"तो न जेवता गेलेला? मेल्याने ताट तसंच ठेवलं." ती क्षणभर थांबली. "हिला विचार, उद्या खाडो नाय मा?"

मी विचारलं. बाई म्हणाली, आपला प्रतिसाद समजला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

"मग राहू दे," आक्का म्हणाली, आणि काकांकडे वळली. "तुमचा सांगा."